गेले, गेलेत, गेलते

केजच्या बाजारपेठेत आमचं दावणीच्या सामानाचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, मोरक्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे, आणि पोळा जवळ आला की झुली नि शिंगांना लावायचा रंग. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार, आणि ते दार कुणी लावलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. माळा आढ्याला टांगलेल्या असत. गिऱ्हाईक आत शिरलं की त्याचा पटका कशाला तरी लागून आवाज व्हायचाच, आणि चुलीपुढं भाकरी थापत बसलेली आई मान वर न करता सांगायची, "उंच मानूस हाय, बग जा." बुटकं गिऱ्हाईक आवाज न करता यायचं आणि बिचारं ताटकळायचं. अंबाडी आमच्या घरात दोन्ही दारांनी येई. मागच्या दारानं तिचा पाला, जो ज्वारीच्या कण्या घालून शिजे आणि वर कर्डईच्या तेलात लसूण तडतडे; पुढच्या दारानं तिचाच वळलेला दोर. त्यामुळे आमच्या अंगाला, कपड्यांना, माझ्या शाळेच्या पुस्तकांनासुद्धा एक आंबूस, गवताळ वास यायचा. वर्गातल्या मुली मला 'दावं' म्हणायच्या. मला त्याचा राग येत नसे, कारण दावं नसेल तर त्यांची म्हैस घरी राहणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं.

दोर विकायचा तो वावानं. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जेवढा दोर मावतो तो एक वाव. दुकानात मीटरची पट्टीही होती, भिंतीला टांगलेली, पण तिला कुणी विचारत नसे. गिऱ्हाइकाचा विश्वास आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या छातीवर होता. आप्पा चांगले उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि पूजा होईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचे नाहीत. पूजा झाल्यावर बोलायचे ते बहुतेक रागवायलाच. ते गादीवर उभे राहून हात पसरत तेव्हा शेतकरी खालून त्यांच्याकडे असे बघत की आता काहीतरी देणारच आहेत. माझा थोरला भाऊ महादेव, आमचा दादा, त्यांच्या शेजारी बसून टोक धरायचा. लग्न होऊन वर्ष झालं तरी टोकच धरायचा.

आता जरा मास्तरणीसारखं बोलते. जन्मभर लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवलं, ती सवय जात नाही. फळ्यावर मी लिहायचे: तो गेला, साधा भूतकाळ. तो गेला आहे, पूर्ण वर्तमानकाळ. तो गेला होता, पूर्ण भूतकाळ. मुलं पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. आमच्या केजेत हे पाठ करावं लागत नाही. 'गेला आहे'चं आम्ही 'गेलाय' करतो. 'गेला होता' म्हणताना 'हो' गिळून टाकतो आणि नुसतं 'गेलता' म्हणतो. मी गेलतो, ती गेलती, आमी गेलतो. बाहेरची माणसं हसतात, त्यांना वाटतं आम्हाला बोलायचीसुद्धा घाई असते. घाई नसते. 'गेला' म्हणजे गेला, पुढं काय ते त्या शब्दात नाही. माणूस मेला तरी आम्ही हाच शब्द वापरतो. 'गेलाय' म्हणजे गेला आहे, पण त्याचं दावं अजून इथल्या खुंटीला आहे. आणि 'गेलता' म्हणजे जाऊन आला, विषय संपला. आदरानं बोलायचं झालं, बाईला नवऱ्याबद्दल बोलायचं झालं, की याचंच गेले, गेलेत, गेलते होतं. लिहून बघा. गेलेत आणि गेलते. अक्षरं तीच, फक्त 'ल'वरची मात्रा 'त'वर सरकते. ती मात्रा सरकायला आमच्या घरात दोन पोळे जावे लागले.

सुरुवात नायलॉनच्या दोरानं झाली. तेव्हा तो नुकता बाजारात आला होता, निळा आणि हिरवा, चकचकीत. दादानं आप्पांना न विचारता त्याचा एक गठ्ठा आणला आणि बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, दुकानाच्या तोंडाशी लावला. आप्पा पूजेवरून उठून आले. त्यांनी तो दोर बोटांत धरला, चुरगळला, नाकाला लावला. वास नव्हता. वास नसलेल्या वस्तूवर आप्पांचा भरवसा नसे.

"हे बैलाच्या मानंला बांदनार तू? मान सोलून निघंल."

"आप्पा, जग कुटं चाललंय, अन् आपन अजून अंबाडीच इकायलो," दादा म्हणाला.

आप्पांनी गठ्ठा उचलला आणि रस्त्यावर टाकला. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झालेला, चिखल होता. एवढ्यावरही भागलं असतं, कारण आप्पांनी वस्तू फेकायची आम्हाला सवय होती. पण बाजारकरी लोक हसले. दादानं चिखलातला दोर गोळा केला, काखेत घेतला आणि मधल्या दारापर्यंत आला. आत रत्नावहिनी त्याचं ताट वाढत होती. मी तिथंच पाटावर बसून लसूण सोलत होते. वहिनी म्हणाली, "जेवून जावा." दादा म्हणाला, "आलोच." आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

मला या 'आलो'चं जन्मभर नवल वाटत आलंय. माणूस निघालेला असतो, पाठ फिरवलेली असते, आणि बोलतो भूतकाळात, जणू परत येऊन बसलासुद्धा. इतर भाषांत असं कुणी बोलतं का मला ठाऊक नाही. आपल्याकडे जाणारा रोज ही थाप मारतो आणि ऐकणारा रोज ती खरी धरतो. वहिनीनं ताटावर दुसरं ताट झाकलं. दिवेलागणीला आईनं ती भाकरी कालवून म्हशीला घातली. कुणी म्हणालं महादेव लातूरच्या गाडीत बसताना दिसला, कुणी म्हणालं मांजरसुंब्याच्या जीपमधे. आप्पा काहीच म्हणाले नाहीत, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांनी त्याचं नावही घेतलं नाही.

वहिनी उमापूरची, गेवराईच्या त्या अंगाची. बुटकी, हातसुद्धा आखूड, आणि आवाज मात्र चार घरं ओलांडून जाईल असा. लग्नात आमच्याकडच्या बायकांनी नाकं मुरडली होती की ही तर फळीवरचा डबासुद्धा काढू शकणार नाही. ती स्टूल घेऊन चढायची, डबा काढायची, आणि स्टूल तिथंच ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला मागायला नको. दादा गेल्यावर ती रडली असेल, पण आमच्यासमोर नाही. शेजारच्या बायका पाणी भरताना गळा काढायच्या, "रत्ने, महादेव गेला गं." वहिनी घागर डोक्यावर घेता घेता म्हणायची, "गेलेत." बायकांना वाटायचं ती हो म्हणाली. मला आधी तसंच वाटलं. मग एकदा एका बाईनं आठ दिवसांत तिसऱ्यांदा 'गेला' म्हटल्यावर वहिनीनं घागर खाली ठेवली. "काकू, गेला न्हाई. गेलेत. तुमचे मालक सकाळी वावरात गेलेत का गेले?" त्या बाईनं झटकन तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून पाण्यावर 'गेला' हा शब्द बंद झाला.

तो पहिला पोळा. पोळ्याच्या आधीचे चार-सहा दिवस म्हणजे आमची वर्षाची कमाई, आणि नेमकं त्याच दिवसांत आप्पांना हिवताप आला. गोधडीखाली दात वाजत होते आणि पुढं गिऱ्हाइकं हाका मारत होती. आई म्हणाली, दुकान बंद ठेवू, इज्जत मोठी. वहिनीनं पदर कमरेला खोचला आणि मधल्या दारात उभी राहिली.

"मी बसते, आप्पा."

आप्पांनी गोधडीतून तोंड काढलं. "बाईमानूस गादीवर? आजवर कुनी बसलंय का?"

"ते गेलेत ना, तवर बसते."

मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. मला तेव्हा सगळं उमगलं असं म्हणणार नाही, पण आप्पांना बोलता आलं नाही एवढं कळलं. नको म्हणायचं तर काय म्हणायचं? तो गेलाय नाही, तो गेलाच, असं म्हणावं लागलं असतं, आणि ते बापाच्या तोंडून निघत नव्हतं. त्यांनी गोधडी परत डोक्यावरून ओढून घेतली. वहिनीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि ती पुढं गेली.

पहिल्याच तासाला अडचण आली. युसूफ वडगावचे एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणत, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी कासऱ्यासाठी दोर मागितला. वहिनीनं हात पसरले. तात्यांनी तिच्या या हातापासून त्या हातापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "सूनबाई, तुजा वाव बारका हाय." दुकानात हशा पिकला. त्याच दुकानातून त्याच माणसांच्या हशानं एकजण निघून गेला होता. वहिनी हसली नाही आणि चिडलीही नाही. "बारका हाय तात्या, कबूल," ती म्हणाली, आणि आप्पांनी आधी मोजून ठेवलेला एक दोर काढून त्यावर तिनं आपला वाव लावून पाहिला. फरक एका वितीचा होता. "वावावर एक ईत घ्या. अन् दोन बोटं वर माजी, तुमी बोलून दाखवलं म्हनून." तात्यांनी दोर हातात घेऊन तोलला आणि मान हलवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं की रेशीमगोंड्यांच्या, म्हणजे आमच्या, दुकानात सूनबाईच्या वावाला दोन बोटं जास्त मिळतात. मराठीत 'वाव' म्हणजे जागासुद्धा. मी पुढं वर्गात हा श्लेष शिकवला तेव्हा प्रत्येक वेळी मला वहिनीचे ते आखूड हात दिसले.

आप्पा बरे झाले तरी वहिनी उठली नाही. सकाळी पूजा होईपर्यंत ती बसायची, मग आप्पांच्या जेवणाच्या वेळी बसायची, मग त्यांची दुपारची झोप लांबायला लागली. कुणी विचारलंच, की बाई गादीवर कशी, तर उत्तर ठरलेलं: "मालक गेलेत." नवरा बाहेरगावी गेलेल्या बाईनं दुकान सांभाळलं तर कुणाचं काय जातं? ती टाकलेली नव्हती, विधवा नव्हती, नवरा गेलाय अशी घरधनीण होती. एका शब्दावर ती त्या गादीवर बसली होती, आणि तो शब्द तिनं दिवसातून कितीदा तरी दुरुस्त करून घेतला.

दिवाळीनंतर वहिनीचे वडील उमापूरहून आले. बरोबर माझे मामा होते, वडगावचे, गावातल्या राजकारणातले, जिथं चार माणसं भांडतील तिथं खुर्ची मिळवणारे. बाजाराचा दिवस नव्हता. दुपारी दुकानातच बैठक बसली, आप्पा लोडाला टेकून, मामा त्यांच्यासमोर, वहिनीचे वडील दाराशी. त्या माणसावर मला आजही राग धरता येत नाही. पोरगी विशीची, मूलबाळ नाही, जावयाचा पत्ता नाही. तिला घेऊन जावं, रीतीनं मोकळी करून दुसरं घर बघावं, यात कुठल्या बापाचं काय चुकलं? हात जोडून आले होते ते. वहिनी मधल्या दाराच्या आत उभी होती, मी तिच्या मागं, आणि आई चुलीपाशी भाकरी जाळत होती, कारण तिचं सगळं लक्ष इकडं होतं.

मामांनी घसा साफ केला. "रत्ना, पोरी, यक शबूद बोल. नवरा गेला म्हन, पुडचं आमी बगतो. कुनी तुला नावं ठिवनार न्हाई, माजी जिम्मेदारी."

"गेलेत," वहिनी म्हणाली.

"तेच की, गेला."

"गेला न्हाई, मामा. गेलेत."

मामा हसले. सभेत हसतात तसं, आजूबाजूला बघून. "आता एका 'त'नं काय व्हतंय बाई? येनार असता तर आला नसता का? मागं बगितलं न्हाई पट्ठ्यानं."

"आलो म्हनून गेलेत," वहिनी म्हणाली.

"त्याला किती दिवस झाले?"

वहिनीनं दाराची चौकट धरली. ती खोटं बोलणारी नव्हती. मी तिच्या पदराचं टोक धरलं होतं, ते तिनं सोडवून घेतलं नाही. मला वाटलं, आता ही जाणार. ही गेली की सकाळी उठल्यावर घरात तो आवाज नसणार, स्टुलावर कुणी चढणार नाही, आप्पा पुढं आणि आई मागं, आणि मधे मी. मी तेव्हा तेरा-चौदाची असेन.

तेवढ्यात आप्पा बोलले. ते मामांकडे बघत नव्हते, आढ्याच्या माळांकडे बघत होते. "माज्या दुकानात बसून गेला म्हनायचं न्हाई. गेलाय." एवढंच. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून मुलाबद्दल निघालेला तो पहिला शब्द. चुलीपाशी आईचा हुंदका ऐकू आला.

मामा उठून पाणी प्यायला गेले, म्हणजे बैठक संपली. राहिले वहिनीचे वडील. ते काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, कावून असं करायलीस? हितं तुजं कोन हाय आता?" वहिनी मधल्या दारातून पुढं आली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांच्या पायावर हात ठेवला. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता.

"नाना, मी येनार हाय उमापूरला. नागपंचमीला येईन, दिवाळीला येईन. रत्ना आलती, असं म्हनू द्या लोकाला. रत्ना आली, असं म्हनायची पाळी मी येऊ देनार न्हाई."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कितीतरी वेळ काढला नाही. मग ते जेवले. जळकी भाकरी, अंबाडीची भाजी, वरून शेंगदाण्याची चटणी. जेवताना एकदाही त्यांनी मान वर केली नाही. चहा न घेता संध्याकाळच्या गाडीनं गेले.

त्यानंतर मी वहिनीला एकदा विचारलं होतं. आम्ही दोघी गोंड्यांना सूत बांधत बसलो होतो. "वैनी, दादा येईल असं खरंच वाटायलंय तुला?" ती सूत दातानं तोडत म्हणाली, "कुनाला ठावं? पन मी त्यांच्यासाठीच थांबलेय, असं तुला कोन म्हनलं?" आणि तिनं पुढच्या दुकानाकडं बघितलं. मी पुस्तकांत पतीची वाट बघणाऱ्या बायकांचे धडे शिकवले आहेत, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न काढले आहेत. त्यातल्या एकीच्याही तोंडी हे वाक्य नाही. ते मी वर्गात सांगायचे. मुली लक्ष देऊन ऐकायच्या.

दुसरा पोळा जवळ आला. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आप्पा गल्ल्याकडे, वहिनी गादीवर उभी राहून तात्यांसाठी दोर मोजत होती. घुंगरमाळ वाजली. आतून आई म्हणाली, "उंच मानूस हाय." मी मधल्या दारातून पाहिलं. दादा होता. गालफडं बसलेली, मिशी वाढलेली, काखेत बोचकं. दुकानातलं एकेक तोंड बंद होत गेलं. मग तात्याच म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला काय विचारावं याचा धरबंध नसतो, "कुठं हुतास बे इतके दिवस?"

दादानं बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं. मागच्या वेळी हसलेली माणसंच बहुतेक समोर उभी होती, आणि आता ती काय करतील याचा नेम नव्हता. आप्पा अर्धवट उठून तसेच थांबले. वहिनीचे हात पसरलेलेच होते. तिनं दादाकडं पाहिलं, मग तात्यांकडं, आणि रोजच्या आवाजात, चार घरं ओलांडून जाईल अशा आवाजात म्हणाली:

"गेलते."

जसं कुणी म्हणावं की मालक तालुक्याला गेलते, दळणाला गेलते. आणि पुढचा वाव घेत दादाला म्हणाली, "टोक धरा." दादानं बोचकं खाली ठेवलं आणि टोक धरलं. तात्या म्हणाले, "मोजायला सूनबाईलाच ऱ्हाऊ दे बरं का, दोन बोटं जास्त मिळतात," आणि दुकान हसलं. त्या हसण्यात दादाही थोडा हसला. पुढं केजेत कुणी त्याला काही विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं. गेलता, आला.

घरात मात्र इतकं सोपं नव्हतं. वहिनी कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तो गुजरातेत दोराच्याच कारखान्यात राबत होता एवढं आईला सांगितलं त्यानं. मला एकदा म्हणाला, "पयल्या महिन्यात यायची लाज वाटली म्हनून आलो न्हाई. मग, पयल्या महिन्यात आलो न्हाई, याची लाज वाटायली." आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो अंघोळ करून गादीवर बसायला गेला, तर वहिनी आधीच बसलेली. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आप्पा पूजेवर होते. पूजेत ते बोलत नसत, घर जळालं तरी बोलले नसते. त्या दिवशी बोलले. "महादेव, माळ्यावरचे गोंडे काढ. तुजा हात पोचतो." दादा माळ्यावर चढला. नायलॉनचा निकालही वहिनीनंच लावला: मानेला अंबाडी, विहिरीला नायलॉन. दोन्ही दोर आमच्या दुकानात शेजारी शेजारी टांगले गेले आणि बापलेकांना आयुष्यभर भांडायला दुसरे विषय शोधावे लागले.

आता बैल कमी झाले. दुकानात ताडपत्र्या आल्या, ट्रॅक्टरला बांधायचे गोंडे आले, अंबाडीचा दोर सांगून मागवावा लागतो. आप्पा आणि आई जाऊन फार वर्षं झाली. गेल्या थंडीत भाच्याचा फोन आला आणि मी लातूरहून निघाले. दादाला शेतात, आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून, माती दिली. वहिनी सगळं शांतपणे बघत होती. घरचे विधी आटोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. भाचा म्हणाला, आई, आठ दिवस थांब की. ती म्हणाली, "लोकाची जनावरं सुटी फिरायलीत का?" आणि पदर खोचला.

मी तिच्याजवळ बसले होते. दुपारी एक तरुण शेतकरी आला, उंच, माळ वाजली. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं दोर मागितला, वहिनीनं हात पसरले, आता तर ते आणखी आखूड झाले आहेत. तो सहज बोलावं तसं बोलला, "मालक कुठं गेलेत, मावशी?"

वहिनीनं हात खाली घेतले.

"गेले," ती म्हणाली.

मी त्या 'त'ची वाट बघितली. आयुष्यभर या बाईच्या तोंडून तो ऐकला होता, पाण्यावर, बैठकीत, भर बाजारात. तो आला नाही. त्या पोरानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग वहिनीनं दोर परत उचलला, हात पसरले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "शोभे, टोक धर."

मी धरलं. तिनं वाव मोजले, वर एक वीत दिली, आणि दोन बोटं जास्त.